सेक्रेटरी साहेब ओपीडीत आले

ओपीडीत पेशंटचे नातेवाईक भांडायला येतात, त्याची सवय आहे, पण सोसायटीचा सेक्रेटरी स्वतःच्या नावाने केसपेपर काढून, लाइनीत बसून माझ्याशी भांडायला आला असं पहिल्यांदाच झालं. हातात मीच लिहिलेलं पत्र. "डॉक्टर, तुम्ही औषधं द्या ना, भिंतीचं कशाला लिहिता?"

पेशंट त्यांच्याच बिल्डिंगमधल्या एक ताई, घरी ब्लाउज शिवतात, जुना दमा. बाहेर कुठेतरी एक्स-रेवर डाग दिसला म्हणून टीबीची औषधं सुरू केलेली, थुंकीत जंतू काही सापडला नव्हता, वजन उतरलं आणि खोकला होता तिथेच. खोकताना तपकिरी घट्ट गोळे पडतात म्हणाल्या तेव्हा माझी ट्यूब पेटली. टोटल आयजीई, म्हणजे रक्तातली अ‍ॅलर्जीची खूण, केलं तर हजाराच्या कितीतरी वर, अ‍ॅस्परजिलस या बुरशीची टेस्ट पॉझिटिव्ह, सीटीही जुळला. एबीपीए, म्हणजे या बुरशीची फुफ्फुसात होणारी जबर अ‍ॅलर्जी. आपल्याकडे टीबी समजून महिनोन्महिने भलतीच औषधं खाल्लेले असे पेशंट काही कमी नाहीत.

मग घराचं विचारलं तर त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला, शिलाई मशीनच्या मागची भिंत छतापासून काळी, पोपडे सुटलेले, बाहेरून जाणारा ड्रेनेजचा पाइप तडकलेला. आणि दरवर्षी गणपतीच्या आधी ह्या बाई ती बुरशी पत्र्याच्या तुकड्याने कोरडीच खरवडायच्या, तेही खिडकी लावून, कारण खाली धूळ पडते म्हणून शेजारी ओरडतात! त्यानंतरच नेमका दमा उसळायचा.

सेक्रेटरी म्हणाले, पावसात कोणाच्या घरी ओल नसते, मग सगळे का नाही आजारी पडत? प्रश्न चुकीचा नाहीये. अ‍ॅस्परजिलस हवेत सगळीकडे असतोच, भिंतीनेच आजार झाला असं मी लिहिलंही नव्हतं, एवढंच लिहिलेलं की अशा पेशंटला त्या खोलीत ठेवून औषध देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. ओल आणि दम्याचा संबंध डब्ल्यूएचओने 2009 मध्येच गाइडलाइन काढून सांगितलाय. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा 2020 मध्ये घरातल्या बुरशीने गेला, त्याच्या नावाचा कायदा झाला, ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सोशल हाउसिंगवाल्यांना (स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या संस्थांना) अशी गंभीर तक्रार आली की 10 कामाच्या दिवसांत तपासणी करावीच लागते. आपल्याकडे केसपेपरवर घराचा रकानाच नाही, त्यामुळे भिंत कागदावर येतच नाही, आणि कागदावर नाही म्हणजे झालंच नाही.

"रंग मारून देतो," ते शेवटी म्हणाले. म्हटलं रंग नको, आधी पाइप बदला, भिंत वाळू द्या, मग प्लास्टर, आणि तेवढे दिवस ताईंना दुसरीकडे राहू द्या. बाहेरच्या कॉमन पाइपच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो हे बायलॉजमधलं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणून तर ते पत्र एवढं झोंबलं!

पाइप बदलला, दिवाळीनंतर का होईना. प्लास्टर अजून कमिटीत अडकलंय. स्टेरॉइड आणि इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधावर ताईंचं आयजीई उतरतंय, मशीन त्यांनी स्वयंपाकघरात हलवलंय. मी आता प्रत्येक दम्याच्या केसपेपरवर 'घरात ओल: आहे/नाही' असं हाताने लिहितो. आमचे रेकॉर्डवाले वैतागलेत, म्हणतात सर, ही एंट्री कॉम्प्युटर घेत नाही. म्हटलं तुम्ही वरती तसं लेखी कळवा.