अनुदान हवं तर आधी फटी बुजवा

सिंकखालचं कपाट उघडून मी हात आत घातला आणि तळहातावर गार हवेचा झोत आला. नळाचा पाइप भिंतीत शिरतो तिथे प्लंबरने पाइपाच्या दुप्पट रुंद भोक पाडलं होतं, आणि ते तसंच उघडं ठेवून सुताराने त्यावर कपाट बसवलं होतं. घर कोरं करकरीत होतं. रंगाचा वास गेला नव्हता, खिडक्यांच्या काचांवरचे स्टिकर निघाले नव्हते. पुढच्या दाराच्या चौकटीत मी ब्लोअर डोअर लावला होता. म्हणजे घट्ट ताणलेल्या नायलॉनच्या पडद्यात बसवलेला एक मोठा पंखा, जो घरातली हवा बाहेर खेचतो. आत-बाहेर ५० पास्कलचा फरक पडला की घराला चहूबाजूंनी एकाच वेळी ताशी तीसएक किलोमीटरचा वारा लागल्यासारखं होतं. एरवी दिसत नाही, जाणवत नाही अशी प्रत्येक फट तेव्हा सापडते.

बिल्डर माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. "हात घालून बघा," मी म्हटलं. त्याने घातला. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं घरं बांधतोय, हे कधी हाताला लागलं नव्हतं."

नव्या घरांची ऊर्जा-तपासणी हे माझं काम. ऊर्जा वाचवणाऱ्या घरांसाठी कुठे करसवलत असते, कुठे थेट अनुदान, कुठे कमी व्याजाचं कर्ज. त्यासाठी घराला प्रमाणपत्र लागतं आणि त्या प्रमाणपत्रासाठी माझ्यासारखं कुणीतरी येऊन मोजून जातं. घर बांधायला निघालेली माणसं मला पहिला प्रश्न विचारतात तो "किती मिळतात?" हाच. विचारावाच. घर बांधताना हात मोकळा असणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण त्या पैशांमुळे घरात नेमकं काय बदलतं, ते मी रोज जवळून बघते आणि ते मला सांगायचं आहे.

तर ते घर. पहिल्या मोजणीत आकडा आला ४.२. म्हणजे ५० पास्कलला घरातली सगळी हवा तासाला चार वेळांहून जास्त बदलत होती. बिल्डरला ज्या सवलतीच्या योजनेत घर बसवायचं होतं, तिच्यासाठी तीनच्या आत यायला हवं होतं. आम्ही पंखा चालू ठेवून घरभर फिरलो. पोटमाळ्याच्या झाकणाला रबरी पट्टीच नव्हती. छतातल्या दिव्यांच्या कडेने वारा येत होता. बाथटबच्या मागची भिंत आतून बंदच केली नव्हती, कारण टब आधी बसला आणि मग तिथे कुणाचा हात पोचला नाही. स्वीचबोर्डापाशी धुराची नळी धरली तर धूर झोताने खोलीत वळत होता. बिल्डरने दोन माणसं लावली. फोम, सीलंट आणि रबरी पट्ट्या घेऊन ती दुपारभर खपली. संध्याकाळी मी पुन्हा पंखा लावला. आकडा २.७.

त्या दुपारच्या सामानाचा खर्च त्या घराच्या एका खिडकीइतकाही नव्हता. आणि योजना नसती तर ती दुपार उजाडलीच नसती. फटींचा खर्च घरात राहणारा दर महिन्याच्या बिलात भरतो, बांधणारा भरत नाही. बांधणारा किल्ल्या देऊन मोकळा होतो. मी भेटले ते बहुतेक बिल्डर प्रामाणिक आहेत, पण ज्याचं बिल त्याला कधी येणार नाही अशा गोष्टीकडे त्यांचं लक्ष जाणार कसं? प्रमाणपत्राला पैसे जोडले की ते बिल आधीच, घर ताब्यात देण्यापूर्वी, त्यांच्यासमोर येतं. म्हणून मला या योजना मनापासून हव्या आहेत. त्या पैशांनी खरं तर मोजणी विकत घेतली जाते.

मोजणी म्हटलं की लोकांना शेवटचा दिवस आठवतो. पण माझी महत्त्वाची फेरी त्याच्या खूप आधी होते, भिंतींचे सांगाडे उभे असतात, इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, भरलेलं असतं आणि वरचे बोर्ड अजून ठोकलेले नसतात तेव्हा. तेवढे चार-दोन दिवसच भिंतीचं पोट दिसतं. एकदा मी भिंतीतलं रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचं अस्तर, बोटाने बाजूला केलं तर मागे पोकळी. भिंतीतून विजेची वायर गेली होती आणि कामगाराने तो जाड पट्टा वायरीवरून तसाच दाबून बसवला होता. दाबला की पट्टा पातळ होतो आणि मागे गार हवेला खेळायला जागा राहते. खरी रीत अशी की पट्टा मधून चिरायचा, अर्धा वायरीच्या मागे सारायचा आणि अर्धा पुढे घ्यायचा. मी तिथेच एक पट्टा चिरून दाखवला. तो मुलगा म्हणाला, "ताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं." उरलेली भिंत त्याने स्वतःहून उपसली आणि नीट भरली. बोर्ड बसल्यावर पन्नास वर्षं कुणाला ते दिसणार नव्हतं.

हे शास्त्र काही आजचं नाही. कॅनडातल्या रेजायनामध्ये १९७७ साली सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाऊस बांधलं. तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यातही नेहमीच्या भट्टीवाचून चालावं, इतकं ते जाड आणि हवाबंद होतं. जर्मनीत डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात १९९१ मध्ये एकमेकांना लागून चार घरं उभी राहिली. वोल्फगांग फाइस्ट आणि बो आदामसन या संशोधकांच्या विचारातून आलेली ही पहिली पॅसिव्ह हाऊस, म्हणजे तापवायला अगदी थोडी ऊर्जा लागणारी घरं. त्या मानकाची अट आजही अशी : खोल्या तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १५ युनिट, आणि ब्लोअर डोअरचा आकडा ०.६ च्या आत. माझ्या बिल्डरच्या माणसांनी दुपारभर खपून २.७ आणला होता हे लक्षात घेतलं, की ०.६ साठी नकाशा काढण्यापासून किती काळजी लागत असेल याची कल्पना येते. उष्ण प्रदेशात प्रश्न उलटा, पण हिशोब तोच. तिथे छपरातून आणि काचेतून आत येणारी उष्णता मोजायची. भारताच्या २०१८ च्या इको निवास संहितेत भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा घातली आहे, ती याच विचाराने.

आता पैशांबद्दल. पैसे कसे दिले जातात यावर त्यांचा उपयोग ठरतो, आणि इथे मला सरकारांवर मनापासून राग येतो.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. २००५ च्या कायद्याने तिथे कार्यक्षम घर बांधणाऱ्याला घरामागे २,००० डॉलरची करसवलत मिळायला लागली. घर बांधणाऱ्याला हं, विकत घेणाऱ्याला नाही. ते मला पटतं, कारण भिंतीत काय भरायचं हे बांधणाराच ठरवतो. पण ही सवलत मुदतीची होती. मुदत संपायची आणि नंतर कधीतरी मागच्या तारखेपासून पुन्हा लागू व्हायची, असं अनेकदा झालं. बांधून, रंगवून, विकून झालेल्या घरांना सवलत मिळाली. त्या पैशांनी एक फट बुजली असेल का? पुढे २०२२ च्या कायद्याने ती नीट बसवली. २०२३ पासून एनर्जी स्टार हे सरकारी प्रमाणपत्र मिळवणाऱ्या घराला २,५०० डॉलर आणि त्याहून कडक, झिरो एनर्जी रेडी घराला ५,००० डॉलर. दोन पायऱ्या होत्या आणि वरच्या पायरीला दुप्पट पैसे, त्यामुळे बिल्डरला वर चढावंसं वाटेल अशी ती रचना होती. दहा वर्षांची मुदत होती. मग २०२५ च्या कायद्याने ती ३० जून २०२६ वर आणून ठेवली. ज्या बिल्डरने या भरवशावर आपली माणसं शिकवून तयार केली, त्याने आता त्यांना काय सांगायचं?

जर्मनीत तर याहून मोठा धक्का बसला. तिथली केएफडब्ल्यू ही सरकारी बँक कार्यक्षम घरांना स्वस्त कर्ज आणि अनुदान द्यायची. 'कार्यक्षम घर ५५' म्हणजे कायद्याने ठरवलेल्या नमुना घराच्या ५५ टक्के प्राथमिक ऊर्जेत (म्हणजे वीज-इंधन घरापर्यंत आणताना खर्च होणारी धरून एकूण ऊर्जा) भागणारं घर. या गटाची मदत जानेवारी २०२२ अखेर बंद होणार हे जाहीर होतं, कारण असं घर बांधणं आता तिथे नेहमीचंच झालं होतं. साहजिकच शेवटच्या आठवड्यांत अर्जांची झुंबड उडाली, पैसे संपले आणि २४ जानेवारीला खिडकी एकाएकी बंद झाली. कर्जाच्या भरवशावर घराचा हिशोब मांडून बसलेल्या कुटुंबांचा त्या दिवशी काय जीव झाला असेल! पुढे तोवर आलेले अर्ज जुन्या नियमांनीच बघायचं सरकारने ठरवलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. ज्या ५५ साठी कालपर्यंत पैसे मिळत होते, तीच पातळी २०२३ पासून तिथल्या नव्या घरांना प्राथमिक ऊर्जेच्या बाबतीत कायद्याने सक्तीची झाली. आधी पैसे देऊन लोकांचा हात बसवला, मग नियम केला. योजना बंद व्हावी तर अशी व्हावी.

घर बांधायच्या विचारात असाल तर माझं एकच कळकळीचं सांगणं आहे : पाया खणण्याआधी चौकशी करा. अनेक योजनांची अट असते की अर्ज किंवा नोंदणी काम सुरू होण्याआधी व्हायला हवी. आणि नुसत्या नियमासाठी नाही, घरासाठीसुद्धा तेच बरोबर आहे. जमिनीखालचं इन्सुलेशन नंतर घालता येत नाही. घराचं तोंड नंतर फिरवता येत नाही. हवाबंद घराला ताजी हवा आणणारी यंत्रणा लागतेच, आणि तिच्या नळ्यांची जागा नकाशातच सोडावी लागते. या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात ठरल्या तर पुढचं सगळं सोपं असतं. आणखी एक, करारात हवाबंदपणाचा आकडा लिहून घ्या. 'चांगल्या दर्जाचं काम' असं लिहू नका. तीन, दोन, दीड, जे ठरेल तो आकडा, आणि तो आला नाही तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, तेही.

एका काका-काकूंची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. निवृत्तीनंतर त्यांनी घर बांधायला काढलं. शेजाऱ्याकडून अनुदानाचं कळलं तेव्हा पायाचं खोदकाम सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. अर्ज केला, परत आला. कारण एका ओळीत : काम नोंदणीपूर्वी सुरू. काकांनी ते पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि चष्मा काढून नुसते बसून राहिले. बिल्डरला हा नियम माहीत होता, त्याने सांगितलं नव्हतं. अकरा दिवसांसाठी सगळं गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. पत्र लिहून पाहिलं, भेटून पाहिलं, काही झालं नाही.

शेवटी काकूंनी विचारलं, "आता प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही ना गं? मग तुला बोलवायचं कशाला?"

मी खरं ते सांगितलं. अनुदान गेलं, ते परत येणार नाही. माझी फी तुमच्या खिशातून जाईल. पण बोर्ड बसायच्या आधी मला एकदा भिंती बघू द्या आणि शेवटी एकदा पंखा लावू द्या. बाकी तुम्ही ठरवा. चार दिवस त्यांचा फोन आला नाही. मग काकांचा आला, "कधी येतेस?"

दोन फेऱ्या झाल्या. भिंतीतल्या सात जागा पुन्हा भरून घेतल्या. शेवटच्या दिवशी पंखा लावला तेव्हा धुराची नळी काकूंनी मागून घेतली. एकेका खिडकीपाशी उभ्या राहून त्या चौकटीच्या कडेने ती हळूहळू फिरवत होत्या, आणि काका मागून वहीत लिहीत होते. झोपायच्या खोलीच्या खिडकीत खालच्या उजव्या कोपऱ्यात धूर वळला. काकूंनी तिथे बोट ठेवलं आणि सुताराला हाक मारली. त्याने पट्टी बदलली, त्यांनी पुन्हा नळी धरली. धूर सरळ वर गेला.

मीटरवर १.४ आकडा होता. काकांनी तो वहीत लिहिला, खाली तारीख टाकली आणि ती वही त्या नाकारलेल्या पत्राच्याच फाइलीत ठेवली.