नाइटिंगेलच्या नोंदी: बर्लिन, दुसरा वसंत

गेल्या वर्षी माझ्या वहीत नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्याची एकच ओळ होती: 'ट्रेप्टोअर पार्क. ऐकला, दिसला नाही.' यंदा एकोणीस रेकॉर्डिंग्ज झाली आणि तीनदा पक्षी दिसलासुद्धा. अंग तपकिरी, शेपटी तांबूस, बाकी अगदी साधा. (भाषांतरांत त्याला सर्रास बुलबुल करून टाकतात, ते मला सहन होत नाही. नातं सांगायचंच तर दयाळाशी सांगा, दोघांचं कुळ एकच आहे.)

नर आफ्रिकेतून एप्रिलच्या उत्तरार्धात पोचतात, माद्या मागाहून. मध्यरात्री गातात ते बहुतेक सडे नर. जोडी जमली की रात्रीचं गाणं जवळजवळ थांबतं, पहाटेचं तेवढं चालू राहतं. हे कळल्यापासून माझं ऐकणंच बदललं. या शहरात मी एकटी आले होते. रात्री दीड वाजता आणखी कुणीतरी कुणाचीतरी वाट बघत जागं आहे, एवढ्यानंही धीर यायचा.

२४ एप्रिल. रेल्वेपुलाजवळच्या झुडपातला नर. त्याची शिट्टी म्हणजे एकच स्वर, अगदी दबकत सुरू होणारा. मग तोच पुन्हा, थोडा मोठ्यानं, पुन्हा, आणखी मोठ्यानं, सहा-सात वेळा. आपण श्वास रोखून धरतो आणि तेवढ्यात सगळं खळाळून फुटतं. एका नराकडे गाण्याच्या दीडशेहून जास्त तऱ्हा असतात. स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख) बघून मी त्याच्या ४१ वेगळ्या काढल्यात. रुळांची घरघर घालवायला आधी १५०० हर्ट्झखालचं सगळं कापत होते, त्यात शिट्ट्यांचे खालचे स्वरही जात होते. आता ५०० वर थांबते.

टेम्पेलहोफला दिवसा दोनदा गेले. २००८ साली बंद झालेला विमानतळ, आता मोकळं गवताळ मैदान, वर चंडोल. पण सूर्यास्ताला फाटकं लागतात, रात्रीच्या कामाचं नाही.

४ मे. जर्मनच्या वर्गातला एक जण सोबत आला. आधी ज्यांना नेलं होतं त्यांनी टॉर्च मारला, एकानं तर मोबाइलवर गाणं लावून पक्ष्याला बाहेर काढू म्हटलं. (कृपा करून असं करू नका. त्याला प्रतिस्पर्धी आल्यासारखं वाटतं.) हा मात्र चाळीस मिनिटं हात खिशात घालून नुसता ऐकत उभा होता. परतताना म्हणाला, 'पुढच्या वेळी थर्मास मी आणतो.'

१९ मे. आम्ही दोघं, त्याच झुडपापाशी, रात्री एक ते दोन. पुलाजवळचा गप्प. साडेचारला, फटफटताना, थोडासा गायला. मला भरून आलं.

ती रात्रीची ५८ मिनिटांची फाइल मी पुसलेली नाही. तिच्यात पानांची सळसळ आहे, तेविसाव्या मिनिटाला थर्मासचं झाकण उघडतं, आणि मग दोन कुजबुजते आवाज.

'ऐकू येतंय?'

'नाही.'