सपाट रेघेने खाल्लेला आठवडा

उंदराच्या यकृताचा एकच डीएनए, एकाच नळीतला. त्यावर मिथाइल (डीएनएला लागणारी छोटी रासायनिक खूण) कुठे आहे ते पाहायचं होतं. अर्धा मेडिपला लावला, अर्धा बायसल्फाइट सिक्वेन्सिंगला; दोन्ही ते मोजायच्याच पद्धती. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले तर एका जनुकापाशी मेडिपमध्ये चक्क सपाट रेघ, आणि बायसल्फाइट सांगतंय की तिथल्या जवळजवळ प्रत्येक सीपीजीवर (सायटोसिन म्हणजे सी, आणि त्याला लागून ग्वानिन म्हणजे जी, अशी जागा) मिथाइल आहे. चूक माझ्याच हातची, असं धरून मी आठवडाभर मेडिप पुन्हा पुन्हा करत बसले.

शेवटी प्रयोगशाळेतल्या सीनियरने विचारलं, "तिथे सीपीजी आहेत किती, मोजलेस का?"

मोजले. शंभर बेसमागे जेमतेम एक.

मेडिपमध्ये डीएनएचे तुकडे करून, ते तापवून एकेरी करायचे आणि मिथाइल लागलेलं सायटोसिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने ओढून घ्यायचे. तुकड्यावर अशी सायटोसिन्स दाट असली तर पकड बसते, विरळ असली की तुकडा निसटतो. म्हणजे रेघ सपाट दिसली तर मिथाइल नाही, की सीपीजीच फारसे नाहीत? नुसत्या रेघेवरून ते कळत नाही.

बायसल्फाइट 1992पासून वापरात आहे आणि एकेका बेसचा हिशेब देतं. साध्या सायटोसिनचं युरॅसिल होतं आणि ते पुढे टी म्हणून वाचलं जातं. मिथाइलवालं सीच राहतं. पण त्याची चूक नेमकी उलट्या बाजूला होते. अभिक्रिया अर्धवट राहिली, तर न बदललेलं प्रत्येक साधं सायटोसिन मिथाइलवालं म्हणून मोजलं जातं. म्हणून नमुन्यात लॅम्डा फाजचा (जिवाणूंवरच्या एका विषाणूचा) मिथाइल नसलेला डीएनए चिमूटभर मिसळायचा; त्यात सी उरले तर अभिक्रिया अर्धवट राहिली हे कळतं. माझ्या पहिल्या लायब्ररीत (वाचनासाठी तयार केलेल्या डीएनएत) त्या लॅम्डातलीच 3 टक्के सायटोसिन्स तशीच उरली होती. लायब्ररी टाकून दिली. (रडले नाही. जेवले मात्र नाही.) शिवाय या रसायनात डीएनएचा पार चुरा होतो. नमुना मुळातच कमी असेल तर मी आता ईएम-सेक करते: टेट2 आणि अपोबेक ही एन्झाइम्स तेच काम करतात, आणि तुकडे लांब राहतात.

आरआरबीएस (जीनोमचा निवडक भागच वाचणारं बायसल्फाइट) स्वस्त पडतं, कारण एमएसपी-वन हे एन्झाइम डीएनए सीसीजीजी या अक्षरांवर कापतं आणि वाचन मुख्यतः सीपीजी बेटांभोवतीच, म्हणजे सीपीजी दाट असलेल्या भागांत, होतं. माझा तो विरळ भाग त्यात आलाच नसता. माणसांचे शेकडो नमुने असतील तर मी अजूनही एपिक अ‍ॅरेच (ठरावीक सीपीजी तपासणारी चिप) सुचवेन, जरी तो माणसाच्या जीनोममधल्या सुमारे 2.8 कोटी सीपीजींपैकी साडेआठ-नऊ लाखच पाहतो. नॅनोपोअर (डीएनए सूक्ष्म छिद्रातून नेऊन वाचणारं तंत्र) सायटोसिनच्या रूपांतराशिवाय मूळ रेणूच वाचतं, हे मला फार आवडतं. अजून स्वतः चालवलेलं नाही.

आता मेंदूचे नमुने येणार आहेत. चेतापेशींत हायड्रॉक्सिमिथाइल (मिथाइलचंच ऑक्सिजन जोडलेलं रूप) बरंच असतं, आणि बायसल्फाइट काय किंवा नेहमीचं ईएम-सेक काय, दोघांनाही ते मिथाइलपासून वेगळं काढता येत नाही. म्हणून प्रत्येक नळीतला थोडा डीएनए ऑक्सिडेटिव्ह बायसल्फाइटसाठी (ही पद्धत दोन्ही वेगळे ओळखायला मदत करते) आधीच बाजूला काढणार आहे.