आमची वाटचाल : जुन्या बेसबॉलचे कागद, चेंडू आणि ऑनलाइन लिलाव

न्यू जर्सीतील एडिसन येथे आमची छोटी फर्म आहे. मी, माझी पत्नी आणि एक सहकारी असे तिघेजण जुन्या बेसबॉलच्या वस्तूंची पारख आणि खरेदी-विक्री करतो. कार्डे, सही केलेले चेंडू, सामन्यांची तिकिटे, स्कोअरकार्डे आणि क्वचित एखादी बॅट, असा आमचा माल असतो. बहुतेक खरेदी ऑनलाइन लिलावांतून होते. खेळाडूचे नाव कितीही मोठे असले तरी वस्तूचे वय सिद्ध झाल्याखेरीज बोली लावायची नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला आहे, आणि फर्म टिकली ती मुख्यतः या नियमामुळेच, असे मला वाटते.

माझे बालपण सांगलीला वडिलांच्या छापखान्यात गेले. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंतचा प्रवास मी जवळून पाहिला आणि भिंगाखाली छपाई तपासण्याची सवय तिथेच लागली. आजोबांच्या खोलीत मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधील लक्ष्मीचे चित्र होते. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून अशी चित्रे कशी छापत असत, हे वडिलांनी ते चित्र फ्रेममधून काढून मला समजावून सांगितले होते. पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेत आल्यावर एका रविवारच्या जुन्या बाजारात सिगारेटच्या पाकिटातून मिळणारे १९१०च्या सुमाराचे बेसबॉल कार्ड हाती आले. खेळाडू कोण हे मला ठाऊक नव्हते, पण छपाई शिळाछापाची आहे हे पाहताक्षणी ओळखले. या व्यवसायात मी शिरलो तो असा, खेळाच्या नव्हे तर छपाईच्या दारातून. बेसबॉलची गोडी नंतर लागली आणि ती दरवर्षी वाढतच गेली.

त्या कार्डांना संग्राहक ‘टी २०६’ म्हणतात. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात ती पीडमाँट, स्वीट कॅपोरल अशा आपल्या सिगारेटच्या पाकिटांत घातली, आणि मागच्या बाजूला त्या त्या सिगारेटची जाहिरात छापली. खेळाडूचे आडनाव आणि संघाचे गाव खालच्या पांढऱ्या पट्टीत तपकिरी शाईने छापलेले असते. अस्सल कार्डावर भिंग धरले, की ही अक्षरे सलग, एकसंध शाईची दिसतात. अलीकडे चार रंगांत काढलेल्या नकलेत तीच अक्षरे बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली असतात. ऑनलाइन लिलावात वस्तू हातात घेता येत नाही. त्यामुळे बोलीपूर्वी विक्रेत्याकडून अक्षरांचे, कडांचे आणि मागच्या बाजूचे मोठे छायाचित्र मागवणे हे आमचे पहिले काम असते. छायाचित्र देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या मालावर आम्ही बोली लावत नाही.

याच मालिकेतील होनस वॅग्नर यांचे कार्ड जगप्रसिद्ध आहे. त्याची छपाई लवकर थांबल्यामुळे आज साधारण पन्नास-साठ प्रतीच ज्ञात आहेत, आणि ऑगस्ट २०२२मध्ये त्यांपैकी एक खासगी व्यवहारात ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. त्याच महिन्यात मिकी मँटल यांच्या, टॉप्स या कंपनीने काढलेल्या १९५२च्या कार्डाला लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर आले. १९५२ सालच्या त्या मालिकेचा न खपलेला साठा १९६०च्या सुमारास तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात बुडवला गेला, ही हकिकत टॉप्सचे साय बर्गर यांनीच सांगितलेली आहे. एवढ्या मोठ्या किमतींच्या मालाकडे आम्ही वळलो नाही. आमचे भांडवल मर्यादित होते, आणि वीस डॉलरपासून दोन हजार डॉलरपर्यंतच्या वस्तूंमध्येच अभ्यासाला खरा वाव आहे, असे माझे आजही मत आहे.

सही केलेल्या चेंडूंनी आम्हाला सर्वांत अधिक शिकवले. अमेरिकन आणि नॅशनल या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग. पूर्वी प्रत्येक लीगच्या अधिकृत चेंडूवर तिच्या त्या वेळच्या अध्यक्षांची सही छापलेली असे, आणि चेंडूचे वय ठरवताना या छापाइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. अमेरिकन लीगच्या चेंडूवर विल हॅरिज यांचे नाव असेल, तर तो चेंडू १९३१च्या आधीचा असू शकत नाही. नॅशनल लीगच्या चेंडूवर वॉरन जाइल्स यांचे नाव असेल, तर तो १९५१च्या आधीचा नाही. एकदा एक वयस्क गृहस्थ त्यांच्या वडिलांचा चेंडू घेऊन आमच्याकडे आले. त्यावर विख्यात खेळाडू बेब रूथ यांची सुबक सही होती आणि घरातले सर्वजण ती खरी मानत होते. मी चेंडू फिरवला, तर छाप जाइल्स यांचा होता. रूथ १६ ऑगस्ट १९४८ रोजी वारले. मी त्या गृहस्थांना बसवून घेतले, दोन्ही साले कागदावर लिहून दाखवली आणि हा चेंडू विकू नका, वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवा, असे सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत, पण पुढे त्यांनीच आमच्याकडे आणखी लोक पाठवले.

शाईचीही अशीच साक्ष असते. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आले ते ऑक्टोबर १९४५मध्ये आणि नामवंत खेळाडू लू गेरिग १९४१मध्येच निवर्तले होते, म्हणजे बॉलपेनने केलेली गेरिग यांची सही खरी असण्याचा प्रश्नच उरत नाही. कागदासाठी आम्ही अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा वापरतो. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. त्यामुळे युद्धापूर्वीचे म्हणून विकले जाणारे तिकीट दिव्याखाली निळसर चमकले, की आम्ही ते विक्रेत्याकडे परत पाठवतो.

लिलावाची शिस्त मात्र पत्नीने बसवली. ती हिशेबाच्या क्षेत्रातली आहे. बहुतेक लिलावगृहे अंतिम बोलीवर खरेदीदाराकडून सुमारे वीस टक्के अधिभार घेतात, म्हणजे एक हजार डॉलरची बोली जिंकली तरी बाराशे द्यावे लागतात, आणि टपालखर्च व विमा वेगळा. म्हणून आम्ही आधी वस्तूची आपल्या दृष्टीने पूर्ण किंमत ठरवतो, त्यातून अधिभार आणि खर्च उलट वजा करतो, आणि उरलेला आकडा वहीत लिहून दोघेही त्यावर सही करतो. त्या आकड्याच्या वर बोली जात नाही, मग लिलाव कितीही रंगात आलेला असो.

ठरलेल्या क्षणी संपणारा लिलाव आणि मुदत वाढत जाणारा लिलाव यांची तऱ्हा वेगळी आहे. पहिल्या प्रकारात शेवटच्या काही सेकंदांत बोल्यांची झुंबड उडते, म्हणून आम्ही आपली सर्वोच्च बोली उशिरा आणि एकदाच टाकतो. दुसऱ्या प्रकारात नवी बोली आली की घड्याळ पुन्हा सुरू होते आणि खेळ पहाटेपर्यंत लांबतो. अशा लिलावांत बहुधा ठरावीक वेळेआधी एकदा तरी बोली लावलेल्यालाच रात्री पुढे भाग घेता येतो, त्यामुळे आवडलेल्या प्रत्येक लॉटवर, म्हणजे विक्रीला मांडलेल्या वस्तूवर, दुपारीच एक छोटी बोली लावून ठेवणे अगत्याचे असते.

या क्षेत्रात फसवणूक मोठी झालेली आहे आणि नव्या ग्राहकांना आम्ही ती स्पष्ट सांगतो. एके काळी या व्यवसायातील सर्वांत वजनदार लिलावदार असलेल्या बिल मास्ट्रो यांनी २०१३मध्ये शिकागोच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. भाव चढवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्याचे आणि वॅग्नर यांच्या सर्वांत नावाजलेल्या कार्डाच्या कडा कापल्याचे त्यांनी मान्य केले. हेच कार्ड तपासून पीएसए या कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेने १९९१मध्ये त्याला दहापैकी आठ गुण देऊन बंद पेटीत घातले होते. पेटीवरचा आकडा पाहून समाधान मानू नये, हे मी इतक्या आग्रहाने म्हणतो त्याचे कारण हेच आहे. पेटीबंद कार्डाच्याही कडा आम्ही पुन्हा तपासतो.

करोनाच्या काळात कार्डांचे भाव अतोनात चढले. तपासणीला आलेल्या मालाचा ढीग इतका झाला, की पीएसएने मार्च २०२१मध्ये आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवल्या. ओळखीच्या अनेकांनी त्या भावात माल भरला. आम्ही वहीतले आकडे बदलले नाहीत. परिणामी त्या वर्षी खरेदी फार थोडी झाली आणि आमचा वेळ एका वेगळ्या विषयाकडे वळला.

तो विषय म्हणजे आमच्या शेजारच्या शहरातील नेवार्क ईगल्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ. वर्णभेदामुळे मोठ्या लीगची दारे बंद असताना या संघाने १९४६मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सला हरवून निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीय संघांच्या लीगची, विश्वमालिका जिंकली. लॅरी डोबी आणि माँटी अर्विन हे त्या संघातले. डोबी पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडकडून खेळून अमेरिकन लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. संघाच्या मालक एफा मॅन्ली यांना २००६मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात, स्थान मिळाले, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. डिसेंबर २०२०मध्ये या लीगांना मेजर लीगचा दर्जा दिला गेला तेव्हा मागणी वाढली, पण वस्तू फार थोड्या उरल्या आहेत, कारण या संघांची कागदपत्रे जपण्याची कोणी पर्वा केली नव्हती.

आमच्याकडे आलेले ईगल्सचे पहिले स्कोअरकार्ड मला आजही नीट आठवते. मधोमध घडी पडलेली, एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग, आणि आतल्या रकान्यांत कोणा प्रेक्षकाने पेन्सिलीने सातव्या डावापर्यंत बारकाईने भरलेली नोंद. बोलीला आमच्याखेरीज एकच जण होता. पेन्सिलीच्या खुणा असल्या की किंमत घटते असा बाजाराचा सर्वसाधारण समज आहे. मला तो मुळीच मान्य नाही, कारण त्या खुणांवरूनच सामना कोणता हे जुन्या वर्तमानपत्रांतील वृत्तांताशी ताडून ठरवता येते.

आज आमच्या कामाचा जवळजवळ निम्मा भाग या संघाच्या कागदांचा आहे. नेवार्क आणि पॅटरसन येथील कुटुंबांकडून आलेल्या वस्तूंची आम्ही विनामूल्य तपासणी करतो, विकायच्या असतील तर कोणते लिलावगृह योग्य हे लेखी सांगतो, आणि ठेवायच्या असतील तर आम्लरहित पाकिटे आमच्याकडूनच देतो. प्रत्येक स्कोअरकार्डाची दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रतिमा आणि ताडून पाहिलेली तारीख आम्ही नोंदवून ठेवतो. ही नोंदवही संशोधकांना मागितल्यास पाहायला मिळते, आणि येत्या वर्षी तिच्यात संघाच्या दौऱ्यांची हस्तपत्रके घालण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे.