पंचवीसपर्यंत मोजलं तेव्हा लेक ट्राउट लागला

तीन दिवस मी चुकीच्या खोलीवर मासा शोधत होतो.

तळ्यावरचा बर्फ वितळून आठवडाही झाला नव्हता. लेक ट्राउट हा थंड तळ्यांतला मासा, त्याला साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो इतका खोल उतरतो की फ्लाय, म्हणजे पिसं-दोऱ्यांचं नकली आमिष, तिथवर पोचवणं अवघड. म्हणून कॅनडात फ्लायनं मासे धरणारे बर्फ गेल्यानंतरच्या या थोड्या आठवड्यांची वाट पाहतात. तेव्हा तो छोट्या माशांच्या मागे काठाजवळ येतो. हे मला ठाऊक होतं. तरी दोरी मात्र मी तरंगतीच लावली होती, नदीतल्या ट्राउटची सवय.

चौथ्या दिवशी आठ नंबरच्या, जरा दणकट रॉडला झपाट्यानं बुडणारी दोरी लावली. ती सेकंदाला साधारण सहा इंच खाली जाते. लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय जोडणारा बारीक धागा, आखूड, चार फुटांचा. लांब असला की दोरी बुडते आणि फ्लाय वरच रेंगाळते. फ्लाय पांढरी-करडी, स्मेल्ट नावाच्या छोट्या माशासारखी.

खडकाळ काठ जिथे एकदम खोल होतो तिथे फेकली आणि सेकंद मोजायला लागलो. दहाला ओढली, काही नाही. वीसला नाही. तीसला गळ खडकात रुतला, फ्लाय गेली. पण तळ कळला, पंधरा फूट! आता पंचवीसला थांबायचं.

तिसऱ्या फेकीला दोरी जड झाली. मी सवयीनं रॉड वर उचलला आणि मासा सुटला. इथे रॉड पाण्याकडे रोखलेलाच ठेवून दोरी हातानं सरळ खेचायची असते, तेव्हाच गळ रुततो. पुढच्या वेळी तसंच केलं. मासा उसळला नाही, डोकं झटकत खाली खाली ओढत राहिला. दहा मिनिटं तरी गेली असतील.

अंगावर फिकट ठिपके, शेपटी खोल दुभंगलेली. हे मासे फार हळू वाढतात, वीस वर्षांहून जास्त जगतात. त्याला पाण्याबाहेर काढायला मन झालं नाही. हात ओले करून पाण्यातच धरला. गळाला टोकाजवळचा उलटा काटा नव्हता, चटकन निघाला.

त्या दिवशी आणखी दोन लागले, दोन्ही पंचवीसच्या आसपासच. दुपारी वारा फिरला, ओढ थांबली, आणि मी पलीकडच्या उतारावर पुन्हा दहापासून मोजायला घेतलं.