आमची वाटचाल : डिस्क तपासूनच देणार

दुकानात कुणी सिनेमाची डिस्क मागायला आलं की आम्ही आधी विचारतो, घरचा टीव्ही किती इंची? २१ इंची पिक्चर ट्यूबवर जी व्हीसीडी (साध्या सीडीवर उतरवलेला सिनेमा) छान दिसायची, तीच ४२ इंची एलसीडीवर लावली की चेहऱ्यांचे चौकोन व्हायचे. लोकांच्या घरी मोठे पडदे आले आणि आमच्या धंद्याला आजचं रूप मिळालं.

सुरुवात १९९४ साली, नागपूरच्या गोकुळपेठेत, व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्यापासून. मी आणि माझे थोरले बंधू. तेव्हा फीत झिजली की पडद्यावर आडवे पट्टे यायचे आणि ते कुणालाही दिसायचे, समजवावं लागत नसे. मग व्हीसीडी आल्या. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, एका डिस्कवर साधारण सव्वा तास, म्हणून एक हिंदी सिनेमा दोन-तीन डिस्कवर. त्या दिवसांत शुक्रवारी सिनेमा लागला की रविवारी सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याची कॅमेरा प्रिंट, म्हणजे थिएटरात चोरून पडद्यावरून टिपलेली प्रत, मिळायची. आम्ही ती कधीच ठेवली नाही. त्यामुळे बरीच गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती चित्र नीट बघणारी होती, आणि पुढचं सगळं त्यांच्या आधारावर उभं राहिलं.

डीव्हीडीच्या सुरुवातीला त्या महाग होत्या. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली आणि सगळ्यांचेच भाव खाली आले. सामान्य घरात मूळ डिस्क पोचली, हे फार चांगलं झालं. पण त्याच काळात निरनिराळ्या कंपन्यांच्या ‘तीन सिनेमे एका डिस्कवर’ अशा डीव्हीडीही रॅकवर आल्या, आणि गिऱ्हाईक विचारू लागलं, दोन्ही डीव्हीडीच ना भाऊ, मग फरक काय?

फरक साध्या हिशेबात आहे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डिस्कमध्ये ८.५. अडीच तासांचा एकच सिनेमा दोन थरांवर पसरला तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला साधारण साडेसात मेगाबिट माहिती येते. तसेच तीन सिनेमे एका थरात कोंबले तर सेकंदाला दीड मेगाबिटही उरत नाही, आणि त्यातच आवाजही बसवायचा. दोघं शांत बसून बोलत असतील तोवर ते निभावतं. पाऊस, धूर, कारंजं किंवा पन्नास जणांचा नाच आला की चित्र फुटतं.

म्हणून आम्ही वही घातली. दुकानात येणारी प्रत्येक नवी आवृत्ती आधी आम्ही बघायची, वहीत नोंदवायची, मगच रॅकवर लावायची. पूर्ण सिनेमा बघायची गरज नसते. सुरुवातीची नामावली बघायची : अक्षरांभोवती पांढरी कड दिसली तर चित्र उगाच धारदार केलेलं आहे. एक गर्दीचं गाणं, एक अंधाराचा प्रसंग, आणि कॅमेरा आडवा फिरतो तो एखादा शॉट. चालणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात किंवा त्याचीच फिकट दुसरी आकृती दिसली, तर ‘पाल’ या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीचं चित्र ‘एनटीएससी’ या अमेरिकेतल्या पद्धतीत घाईने बदललेलं आहे. आपल्याकडे टीव्ही पालचा असूनही हिंदी सिनेमांच्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससीत निघाल्या, कारण त्याच डिस्क अमेरिकेतही विकायच्या असत. कोपऱ्यात कंपनीचा लोगो कायमचा चिकटवला असेल तर तोही आम्ही दोष म्हणूनच लिहितो.

सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते जुन्या मराठी सिनेमांचं. कृष्णधवल काळातलं बरंच चित्र जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १ या प्रमाणातलं. रुंद टीव्ही भरावा म्हणून काही जणांनी ते वरून-खालून कापून १६:९ मध्ये बसवलं. हिशेब करा, उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो. तमाशापटात लावणी चालू आहे, ढोलकी वाजते आहे, आणि घुंगरांचे पायच दिसत नाहीत! ज्याने तो शॉट लावला त्याच्या कामाचा हा अपमान आहे. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्या दिसू द्याव्यात, हे आम्ही गेली कितीतरी वर्षं काउंटरवर सांगत आलोय.

आवाजाकडे आमचं लक्ष वेधलं नागपूरच्या महाल भागातल्या एका गायन शिकवणाऱ्या काकांनी. एका डीव्हीडीतलं गाणं रेकॉर्डच्या पट्टीशी जुळत नाही, म्हणाले. बरोबर होतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पालमध्ये २५ ने चालवला जातो. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सूर पाऊण पट्टीच्या आसपास चढतो. तेव्हापासून वहीत सिनेमाच्या लांबीचाही रकाना आहे.

ब्ल्यू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची डिस्क, आम्ही आणायला लागलो तेव्हा गिऱ्हाईक जोडण्यापेक्षा समजवण्यात जास्त वेळ गेला. १९२० बाय १०८० चं चित्र, २५ किंवा ५० जीबीची डिस्क, आणि घेऊन गेलेला माणूस परत येऊन म्हणे, ‘ही डिस्क परत घ्या जी, पूर्ण दाणेदाणे दिसून राहिले.’ ते दाणे म्हणजे मूळ फिल्मचा पोत. ते यंत्राने पुसून काढले की चेहऱ्यावरच्या बारीक रेषा, सुती साडीची वीण, सगळं जातं आणि नट मेणाचे दिसू लागतात. आम्ही दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी लावून दाखवायचो. बहुतेकांना पाच मिनिटांत पटायचं. काहींना गुळगुळीतच आवडायची, त्यांना ती दिली. पण वहीतलं मत बदललं नाही. वेष्टनावर ‘ब्ल्यू-रे’ छापल्याने चित्र सुधारत नाही. झिजलेल्या प्रिंटवरून किंवा जुन्या डीव्हीडीच्या मास्टर प्रतीवरून फुगवलेलं चित्र मोठ्या डिस्कवरही तसंच राहतं.

डिस्क सांभाळण्याबद्दल इथे सांगतो, कारण नागपूरचा मे महिना कुणाची गय करत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डिस्क वाकते. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो, त्यामुळे वरच्या चित्रावरचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, तर ब्ल्यू-रेमध्ये खालच्या बाजूपासून जेमतेम दशांश मिलीमीटर आत. पुसायचं ते मधून कडेकडे, गोल फिरवत कधीच नाही.

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि डिस्क भाड्याने देण्याचं काम दोनेक वर्षांत संपलं. बंधूंनी त्याच सुमारास निवृत्ती घेतली. मी आणि मुलगी राहिलो. आता आमचं काम तीन प्रकारचं आहे : संग्राहकांना योग्य आवृत्ती शोधून देणं, घरचे जुने संग्रह तपासून त्यातलं काय जपण्यासारखं आहे ते सांगणं, आणि टीव्ही-प्लेअर नीट लावून देणं. शेवटचं काम सोपं वाटतं, पण टीव्हीतली ‘मोशन स्मूदिंग’ (मधे जादा चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद केली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. वर्धा, यवतमाळ, गोंदियाहून लोक वहीसाठी फोन करतात, आणि मुलगी ती संगणकावर चढवते आहे.

काही जुन्या मराठी सिनेमांच्या अशा डिस्क आमच्याकडे आहेत, ज्यात चित्र पूर्ण उंचीचं आहे. त्याच सिनेमांच्या पुढे निघालेल्या काही आवृत्त्या कापलेल्या आहेत. या डिस्क विक्रीला नाहीत. पण तुमच्याकडची प्रत त्यांच्याशी ताडून बघायची असेल तर घेऊन या. संध्याकाळी सातनंतर दुकानातला मोठा टीव्ही मोकळा असतो, दोन्ही लावून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही.