"म्हणजे सहावर नऊ ना?"

आज दुपारी गोडाऊनमधून काकांचा फोन. "मॅडम, एकोणसत्तर पेट्या म्हणालात. म्हणजे सहावर नऊ ना?"

मी घाईत होते. "अहो काका, एकदा सांगितलं ना!" म्हणून फोन ठेवला.

नंतर चलन बघितलं. ५९. एकोणसाठ म्हणायच्या जागी मीच एकोणसत्तर बोलून गेले होते. तोवर दहा पेट्या जास्तीच्या टेम्पोत चढल्या होत्या. पुन्हा फोन केला तर काका एवढंच म्हणाले, "तरी म्हटलं, विचारून घ्यावं." आवाजात राग अजिबात नाही. तेच जास्त लागलं.

विमान किती उंचीवर न्यायचं ते जमिनीवरच्या कंट्रोलरने सांगितलं की वैमानिक ती उंची परत म्हणून दाखवतो, चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. फोनवर डोस सांगितला तर नर्सने तो लिहून घेऊन वाचून दाखवायचा असतो. तिथे परत विचारणं हा कामाचाच भाग. काका तेच करत होते, आणि मी त्यांना गप्प केलं.

उद्या सकाळी आधी गोडाऊनला जाऊन माफी मागणार आहे.

पण काकांच्या जागी परवा लागलेला नवा पोरगा असता, तर त्याने मला पुन्हा कधी काही विचारलं असतं का?